गरिबांचा पैसा आणि त्याची पोच

(रेल्वे व टपाल कर्मचाऱ्यांच्या अभ्यास शिबिरात रेल्वे संघटनेच्या सचिवांनी केलेले भाषण)



पेन्शन, रिक्त जागा आणि कंत्राटीकरण या विषयांवर या शिबिरात भरपूर बोलून झाले आहे. आमच्याकडे दिलेला विषय वेगळा आहे. गरिबी हटवण्यासाठी गावोगाव ज्या योजना, समित्या आणि संस्था चालतात, त्यांचे काम मोजायचे कसे आणि त्यांनी हिशेब द्यायचा कोणापुढे, हा तो विषय. कोणी म्हणेल, हे कलेक्टर कचेरीचे काम आहे. ट्रॅकवर हातोडा घेऊन फिरणाऱ्या कीमनला आणि थैली घेऊन फिरणाऱ्या पोस्टमनला त्याचे काय?

त्याला दोन उत्तरे आहेत. पहिले उत्तर आपल्या पगाराच्या स्लिपवर छापलेले आहे. महाराष्ट्रात नोकरी करणाऱ्यांच्या पगारातून व्यवसाय कर कापला जातो. हा कर १९७५ च्या कायद्याने बसवला गेला, आणि तो बसवला गेला रोजगार हमी योजनेसाठी. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून ही योजना उभी राहिली. १९७७ मध्ये विधिमंडळाने तिचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागेल त्याला काम देण्यासाठी शहरातल्या पगारदाराने दरमहा काही रुपये द्यायचे आणि तेवढीच भर सरकारने घालायची, असा तो व्यवहार होता. ज्याने पैसा दिला त्याला तो कुठे गेला हे विचारण्याचा हक्क आहे.

दुसरे उत्तर टपालवाल्या बांधवांना सांगायलाच नको. २००५ साली संसदेने ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला. मजुरांना रोख पैसे वाटताना मधल्या मधे गळती होते म्हणून २००८ च्या सुमारास मजुरी बँकेच्या किंवा टपालाच्या खात्यातून देण्याचे धोरण आले. लाखो मजुरांच्या हातात पैसे ठेवणारा शेवटचा माणूस शाखा डाकपाल झाला. मजुराने सरकार पाहिले ते त्याच्या टेबलाशी. पैसा आला तरी तोच समोर, आणि पैसा अडला तरी शिव्या खायला तोच समोर.

म्हणून हा विषय आपलाही आहे. आता मुद्द्यावर येतो.

मोजमाप या शब्दाने कामगाराच्या कपाळाला आठी पडते, आणि ती उगाच पडत नाही. मोजमापाच्या नावाने आपल्या जागा कमी झाल्या, मोजमापाच्या नावाने टार्गेट आले. मोजमापाचा फटका गरिबाला कसा बसतो याचे उदाहरण राजस्थानात सापडते. तिथे दुष्काळी कामावर जाणाऱ्या मजुरांना किमान वेतनापेक्षा कमी पैसे मिळत. का, असे विचारले की उत्तर ठरलेले: तुमचे काम मापात कमी भरले. माप कोणी घेतले? अधिकाऱ्याने. वही कुठे आहे? ती सरकारी आहे, दाखवता येत नाही. म्हणजे माप त्यांचे, वही त्यांची, आणि उपाशी राहायचे आपण.

या अन्यायाविरुद्ध १ मे १९९० रोजी, म्हणजे कामगारदिनी, मजदूर किसान शक्ती संघटन स्थापन झाले. अरुणा रॉय, निखिल डे, शंकर सिंह आणि त्या भागातले शेतकरी-मजूर यांनी ते उभे केले. या लोकांनी मोजमाप नको असे म्हटले नाही. त्यांनी मागितली ती वही. आम्हाला हजेरीपट दाखवा, बिले दाखवा, आम्ही पडताळून पाहतो. डिसेंबर १९९४ मध्ये पाली जिल्ह्यातल्या कोट किराना या गावी पहिली जनसुनवाई झाली. जनसुनवाई म्हणजे गावाने भरवलेली सुनावणी. हजेरीपटावरची नावे मोठ्याने वाचायची, आणि ज्याचे नाव वाचले त्याने उठून सांगायचे की आपण त्या कामावर होतो की नव्हतो, आणि किती पैसे मिळाले. कागदावर राबलेले कित्येक जण त्या कामावर कधी गेलेच नव्हते. अर्धवट कामे कागदावर पूर्ण झालेली होती. लिहितावाचता न येणाऱ्या बायकांनी उभे राहून सरकारी हिशेब तपासला. ऑडिटरला जे वर्षानुवर्षे दिसत नव्हते ते त्यांना एका दुपारी दिसले, कारण त्या कामावर कोण होते हे त्यांना ठाऊक होते.

पुढच्या काही महिन्यांत अशा आणखी जनसुनवाया झाल्या. १९९६ च्या एप्रिलमध्ये अजमेरच्या पुढे ब्यावर शहरात चाळीस दिवसांचे धरणे झाले. मागणी एवढीच की पंचायतीच्या कागदांच्या नकला नागरिकाला मिळाव्यात. या लढ्यातूनच माहितीच्या अधिकाराची मागणी देशभर गेली आणि २००५ मध्ये तसा कायदा झाला. रोजगार हमीच्या २००५ च्या कायद्यात कलम १७ आले: कामांचे सामाजिक अंकेक्षण ग्रामसभेने करायचे.

हा झाला खालून वर जाणारा हिशेब. गंमत अशी की त्याच १९९४ साली अमेरिकेत याच प्रश्नावर वेगळ्या वाटेने काम सुरू झाले. तेही आपण समजून घेतले पाहिजे. त्यात शिकण्यासारखे आहे आणि सावध होण्यासारखेही आहे.

अमेरिका श्रीमंत देश, पण तिथेही गरिबी आहे. १९६४ साली राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी गरिबीविरुद्ध युद्ध पुकारले आणि त्याच वर्षीच्या कायद्याने गावोगाव, शहरोशहरी कम्युनिटी अॅक्शन एजन्सी निघाल्या. आपण त्यांना लोककृती संस्था म्हणू. अशा हजाराच्या वर संस्था तिथे उभ्या राहिल्या. मुलांच्या बालवाड्या, थंडीत घर गरम ठेवण्यासाठी मदत, नोकरीचे प्रशिक्षण, अडल्या कुटुंबाला भाड्यासाठी आधार, अशी त्यांची कामे. त्या कायद्यातली मोठी गोष्ट अशी की ज्यांच्यासाठी काम चालते त्या गरिबांचा शक्य तितका जास्तीत जास्त सहभाग असला पाहिजे, असे त्यात लिहिले होते. पुढे कारभारी मंडळाची रचनाही कायद्याने ठरली. एक तृतीयांश निवडून आलेले लोकप्रतिनिधी, निदान एक तृतीयांश गरीब वस्तीने लोकशाही पद्धतीने निवडलेले प्रतिनिधी, आणि उरलेले व्यापार, उद्योग, धर्मसंस्था, शिक्षण, कामगार अशा घटकांतून आलेले. म्हणजे कामगारांच्या माणसालाही त्या टेबलाशी खुर्ची आहे.

तीस वर्षांनंतर तिथल्या संसदेत विचारणा वाढली की एवढा पैसा दिला, गरिबी किती हटली? १९९३ मध्ये सर्व सरकारी खात्यांनी आपल्या कामाचे फलित मोजावे असा कायदा झाला. १९९४ मध्ये या संस्थांसाठी एक समिती बसली आणि रोमा नावाची पद्धत तयार झाली. रोमा म्हणजे फलितावर नजर ठेवून कारभार करायचा आणि जबाबदारी स्वीकारायची. १९९८ च्या कायद्याने ती किंवा तशीच दुसरी पद्धत १ ऑक्टोबर २००१ पर्यंत सर्व राज्यांत लागू करायचे ठरले.

या पद्धतीचे मर्म सोपे आहे. पूर्वी संस्था अहवालात लिहीत की आम्ही इतक्या लोकांना शिकवले, इतकी घरे भेटलो. आता विचारायचे की शिकवलेल्यांपैकी कामाला किती लागले आणि टिकले किती? कुटुंबाची अवस्था पायऱ्यांनी मांडायची. अगदी खाली संकटात सापडलेले, मग कधीही घसरेल असे, मग स्थिर, मग सुरक्षित, आणि वर भरभराटीचे. संस्था भेटली तेव्हा कुटुंब कोणत्या पायरीवर होते आणि वर्षाने कोणत्या पायरीवर आहे, हे नोंदवायचे. आधी वस्तीची गरज पाहायची, मग आखणी, मग काम, मग फलित, मग तपासणी, आणि तपासणीतून पुन्हा गरज पाहायची, असे ते चक्र.

यातली चांगली गोष्ट आपण घेतली पाहिजे. किती फॉर्म भरले याला काम म्हणायचे नाही. घरात काय पोचले ते पाहायचे. टपालवाल्यांना हे नव्याने शिकवायला नको. जुन्या मनीऑर्डरचा व्यवहार आठवा. गिरणीतल्या माणसाने परळच्या पोस्टात पैसे भरले म्हणजे काम संपले नाही. कोकणात त्याच्या आईने सही किंवा अंगठा केला, आणि ती पोच परत त्याच्या हातात आली, तेव्हा तो व्यवहार पुरा झाला. पैसे पाठवले याचा पुरावा पाठवणाऱ्याची पावती नव्हे, घेणाऱ्याची पोच.

पण सावध व्हायचे ते इथेच. फलितावरच अनुदान अवलंबून राहिले की संस्थेला मोह होतो. जो माणूस थोड्या धक्क्याने वरच्या पायरीवर जाईल त्याला आधी घ्यायचे, आणि जो दारूने, आजाराने, म्हातारपणाने अगदी तळाला गेला आहे त्याला दारातूनच परत पाठवायचे. कागद उत्तम दिसतो आणि सर्वांत गरीब बाहेर राहतो. आम्ही रेल्वेवाले याला चांगले ओळखतो. शेवटच्या स्टेशनाच्या आधी वेळापत्रकात जादा मिनिटे ठेवली की गाडी वाटेत रखडली तरी शेवटी वेळेवर पोचलेली दिसते. मधल्या स्टेशनावर उतरणाऱ्या प्रवाशाचा उशीर त्या आकड्यात येत नाही.

म्हणून आमचे म्हणणे असे आहे की काय मोजायचे, यापेक्षा ते कोणापुढे वाचायचे हा प्रश्न मोठा आहे. ज्याच्या नावाने पैसा निघाला त्याच्यासमोर जो आकडा मोठ्याने वाचला जात नाही, त्या आकड्यावर भरवसा ठेवू नये.

याचा पुरावा रोजगार हमीच्या मजुरीतच आहे. २००५ च्या कायद्याप्रमाणे मजुरी पंधरा दिवसांत मिळाली पाहिजे. उशीर झाला तर दर दिवसाला ०.०५ टक्के भरपाई. सरकारी संगणक उशीर मोजत होता. पण तो कुठपर्यंत मोजत होता? पंचायत आणि तालुका पातळीवर पैसे देण्याचा आदेश तयार होईपर्यंत. त्या आदेशानंतर दिल्लीहून पैसे सुटायला जितके दिवस लागत, ते दिवस धरलेच जात नव्हते. संशोधकांनी २०१६-१७ मधले दहा राज्यांतले नव्वद लाखांहून अधिक व्यवहार तपासले, तेव्हा केवळ २१ टक्के मजुरी वेळेवर पोचलेली आढळली. केंद्राच्या टप्प्यावरचा उशीरच सरासरी पन्नास दिवसांहून जास्त होता. मे २०१८ मध्ये स्वराज अभियानाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की हा दुसरा उशीरही सरकारचाच आहे आणि त्याची जबाबदारी झटकता येणार नाही.

बांधवांनो, नीट लक्ष द्या. घड्याळ होते, ते चालतही होते, फक्त वरच्याची पाळी आली की ते बंद पडत होते. मजुराचे पोट मात्र दोन्ही टप्प्यांत सारखेच रिकामे होते. आणि या सगळ्या काळात शिव्या कोणाला? टेबलाशी बसलेल्या डाकपालाला आणि पंचायतीच्या रोजगार सेवकाला. अर्धवट मोजमापाने दोघांचे नुकसान होते: ज्याला पैसा मिळायचा त्याचे, आणि जो शेवटच्या टोकाला उभा आहे त्याचे.

आता कोणी म्हणेल, यंत्राने मोजा म्हणजे माणसाचा प्रश्न मिटला. १ जानेवारी २०२३ पासून रोजगार हमीच्या कामावर मोबाइलवर फोटो काढून हजेरी घेणे सगळीकडे सक्तीचे झाले. जुलै २०२५ मध्ये केंद्राच्या ग्रामविकास खात्यालाच पत्रक काढून सांगावे लागले की कामाशी संबंध नसलेले फोटो चढवले जात आहेत, फोटोचाच फोटो काढून हजेरी लागत आहे. नेटवर्क नसले की खऱ्या मजुराची हजेरी बुडते आणि खोट्याची फोटोवर लागते. कोट किरानात हजेरीपट वाचला तेव्हा हे सोंग चालले नाही, कारण ऐकायला गाव बसले होते.

तपासणारा कोण असावा, याचेही उत्तर आपल्या रेल्वेत आहे. मोठा अपघात झाला की चौकशी रेल्वे सुरक्षा आयुक्त करतात. ते रेल्वे मंत्रालयाच्या हाताखाली नाहीत, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत आहेत. गाडी चालवणाऱ्यानेच अपघाताचा न्याय करू नये म्हणून १९४१ मध्ये ही तपासणी रेल्वे बोर्डापासून काढून तेव्हाच्या टपाल व हवाई खात्याकडे देण्यात आली. म्हणजे आपल्या दोन खात्यांचे हे नाते जुने आहे. या चौकशीत लोकांनाही साक्षीला बोलावतात. रोजगार हमीत हेच तत्त्व २०११ च्या नियमांनी आणले. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या सल्ल्याने ते नियम झाले. राज्यात स्वतंत्र सामाजिक अंकेक्षण यंत्रणा असावी, दर सहा महिन्यांनी अंकेक्षण व्हावे, काम करणाऱ्या यंत्रणेने त्यात ढवळाढवळ करू नये, आणि तपासायला येणारा त्याच पंचायतीचा रहिवासी नसावा. आंध्र प्रदेशाने त्याआधीच, २००९ मध्ये, अशी स्वतंत्र संस्था काढली होती. तिथे मजुरांच्या घरातली शिकलेली मुलेमुली शेजारच्या गावांत घरोघर जाऊन पासबुक आणि हजेरीपट ताडून पाहत. मेघालयाने २०१७ मध्ये सामाजिक अंकेक्षणाचा वेगळा कायदाच केला.

पण तपासून सापडले तरी पुढे काय? २०१७-१८ ते २०२०-२१ या चार वर्षांत सामाजिक अंकेक्षणातून देशभरात सुमारे ९३५ कोटी रुपयांचा अपहार नोंदला गेला. वसूल किती झाले? सुमारे साडेबारा कोटी. शंभर रुपयांमागे दीड रुपयासुद्धा नाही. चोरी मोजणे आणि चोरी परत आणणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी होत नसेल तर पहिलीवरचा लोकांचा विश्वास उडतो. गावकरी म्हणतात, मागच्या वेळी आम्ही उभे राहून बोललो, काय झाले? आमचे काम बंद झाले एवढेच.

इथे आम्ही एक गोष्ट स्पष्ट बोलणार आहोत, ती काहींना आवडणार नाही. आंध्रातल्या अंकेक्षणांत दोषी ठरलेल्यांत शाखा डाकपालही होते. मजुराचे पासबुक स्वतःच्या कपाटात ठेवणे, अंगठा घेऊन पैसे कमी देणे, असे प्रकार उघड झाले. संघटनेने अशा माणसाच्या पाठीशी उभे राहायचे का? आमचे उत्तर असे. नियमाप्रमाणे चौकशी व्हावी, त्याला आपली बाजू मांडता यावी, यासाठी संघटना त्याच्या बाजूला उभी राहील. पण मजुराच्या मजुरीतला पैसा खाल्ल्याचे सिद्ध झाले तर संघटनेचा झेंडा त्याच्यावर पांघरायचा नाही. तो मजूरही कामगारच आहे, फक्त त्याच्याकडे युनियन नाही. त्याच दमात संघटना हेही मागेल की हिशेब डाकपालाशी थांबू नये. दिल्लीतून पैसा निघाल्यापासून मजुराच्या हातात पडेपर्यंत प्रत्येक टप्प्याची तारीख त्याच फलकावर लिहा. सगळी साखळी मोजा, नुसती शेवटची कडी नको.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने २००५ च्या रोजगार हमी कायद्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला आहे. शंभर दिवसांचे सव्वाशे झाले, खर्चाच्या वाटणीत राज्यांचा भार वाढला, नाव बदलले. त्यावर फेडरेशनची चर्चा वेगळी होईल. पण कायदा कोणताही असो, वही कोणापुढे उघडायची हा प्रश्न तोच राहतो. नवी पद्धत बसत असतानाच तो विचारला पाहिजे. एकदा बसली की तिची सवय होते.

मग आपण करायचे काय? ठराव करून टाळ्या वाजवायच्या नाहीत. प्रत्येक शाखेने चार कामे घ्यावीत, असे आम्ही सुचवतो.

पहिले. आपल्यापैकी बहुतेकांचे गाव आहे. नोकरी इटारसीला असो की सिकंदराबादला, रजेवर गावी जातो तेव्हा ग्रामसभेला बसावे. कामाचा फलक आणि हजेरीपट मागून घ्यावा आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवावा. भांडण करायला जायचे नाही. नुसते मोठ्याने वाचले तरी पुष्कळ काम होते.

दुसरे. टपालवाल्या बांधवांनी मजुराचे पासबुक मजुराकडेच राहील हे पाहावे. पैसे दिले की नोंद करून रक्कम तोंडाने सांगावी. पैसे वरून कोणत्या तारखेला आले, हे टेबलाशी लिहून ठेवावे. यात मजुराचे हित आहे आणि खोट्या आळातून सुटायला आपल्यालाही तोच कागद उपयोगी पडेल.

तिसरे. जो कर्मचारी सामाजिक अंकेक्षणात खरी साक्ष देतो, त्याची बदली झाली, त्याला त्रास झाला, तर ते प्रकरण संघटनेने आपले समजावे. साक्षीदार एकटा पडला की पुढच्या वेळी कोणी उठत नाही.

चौथे. ही मागणी करताना आपले घर साफ असले पाहिजे. आपली पतपेढी, कल्याण निधी, संघटनेची वर्गणी यांचा जमाखर्च वार्षिक सभेत छापून वाटतोच. तो वाचूनही दाखवावा, आणि प्रश्न विचारणाऱ्या सभासदाला पुरेसा वेळ द्यावा. कर्ज किती वाटले एवढे सांगून थांबू नये. सर्वांत कमी पगाराच्या सभासदाला ते मिळाले का, आणि मिळायला किती दिवस लागले, हेही सांगावे. आपल्याकडे हे होते असे दाखवता आले, तर सरकारकडे ते मागताना आवाजाला जोर येतो.

मोजमापाला भिण्याचे कारण नाही. पट्टी कोणाच्या हातात आहे, ती कुठून कुठपर्यंत धरली आहे आणि निघालेला आकडा कोणासमोर वाचला जातो, हे तीन प्रश्न प्रत्येक योजनेला विचारा. उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा. आता शिबिरातल्या गटचर्चेत आपापल्या गावच्या योजना याच तीन प्रश्नांवर तपासाव्यात आणि जे निघेल ते शाखा सचिवाकडे लिहून द्यावे, एवढी विनंती करून आम्ही थांबतो.

कामगार एकजुटीचा विजय असो!